स्कोपचं पान सुधारायचंय? फिल्टर कुठे लागत नाही ते आधी लिहा

प्रश्न थोडक्यात असा: एका वेब फ्रेमवर्कच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पुन्हा पुन्हा वापरायच्या क्वेरी फिल्टरवर, म्हणजे स्कोपवर, एक पान आहे. स्कोप कसा लिहायचा याचं एक उदाहरण, 'स्कोप एकापुढे एक जोडता येतात' असं एक वाक्य, आणि पान संपलं. लोक वाचतात, तरीही तेच तेच प्रश्न विचारत राहतात. मग त्यात काय भर घालावी? एखादं मोठं ट्युटोरियल लिहावं का?

ट्युटोरियल नको. स्कोप लिहायला कुणालाच अडचण येत नाही. रेल्स, लाराव्हेल आणि जँगो ही वेब फ्रेमवर्क घ्या: रेल्समध्ये एक लॅम्डा (बिननावाचं फंक्शन), लाराव्हेलमध्ये एक मेथड, जँगोमध्ये क्वेरीसेटचा (क्वेरी धरून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टचा) सबक्लास आणि त्यावर 'ॲज मॅनेजर' (मॅनेजर म्हणजे मॉडेलवरून क्वेरी जिथून सुरू होते ती जागा). पाच मिनिटांचं काम. लोक अडकतात ते पुढे, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला स्कोप तिसऱ्याच ठिकाणी वापरताना. तेव्हा त्यांना हवं असतं ते एवढंच: यातून नेमकी कोणती एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला दिली जाणारी क्वेरी, बाहेर पडते, दुसऱ्या अटीशी जोडल्यावर तिचं काय होतं, अट नेमकी कधी मोजली जाते, आणि हा फिल्टर कुठे लागतच नाही. बहुतेक फ्रेमवर्कच्या पानांवर या चार गोष्टी एक तर नसतात, नाहीतर एखाद्या राखाडी चौकटीत तळाला पडलेल्या असतात. माझ्या मते पान त्यांच्याभोवतीच रचायला हवं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सुधारणा म्हणजे प्रत्येक उदाहरणाखाली त्यातून तयार होणारी एसक्यूएल छापणं. स्कोपचं नाव वाचून वाचक मनातल्या मनात एक अट धरून चालतो, आणि ती नेहमी बरोबर असतेच असं नाही. 'नॉट कॅन्सल्ड' नावाचा साधा स्कोप घ्या. स्टेटस कॉलममध्ये काही ओळी नल, म्हणजे रिकाम्या, आहेत. रेल्समध्ये 'वेअर डॉट नॉट' वापरलंत तर अट निघते 'स्टेटस बरोबर नाही कॅन्सल्ड', आणि एसक्यूएलच्या नियमाने नल असलेल्या ओळी त्यातून गळतात. जँगोमध्ये 'एक्सक्लूड' वापरलंत तर तो नलची काळजी घेणारी जास्तीची अट स्वतःच जोडतो आणि त्या ओळी निकालात राहतात. नाव तेच, हेतू तोच, आकडे मात्र वेगळे. हा फरक दोन परिच्छेद लिहून जितका समजेल त्याहून जास्त एसक्यूएलच्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की समजतो.

त्याच जागी वाचकाला ही एसक्यूएल स्वतः कशी बघायची तेही सांगून टाका. रेल्समध्ये 'टू एसक्यूएल' आहे. लाराव्हेलमध्येही त्याच नावाची मेथड आहे, पण तिच्यात किमतींच्या (अटींतल्या प्रत्यक्ष मूल्यांच्या) जागी प्रश्नचिन्हं दिसतात. किमती भरलेली क्वेरी हवी असेल तर लाराव्हेल 10 पासून 'टू रॉ एसक्यूएल' मिळते. जँगोमध्ये क्वेरीसेटची 'क्वेरी' छापता येते, फक्त त्यात मजकुराला अवतरणचिन्हं लागलेली नसतात, त्यामुळे ती उचलून थेट डेटाबेसमध्ये चिकटवली तर चालेलच याची खात्री नाही. मायक्रोसॉफ्टच्या ईएफ कोअर या डेटाबेस लायब्ररीमध्ये 5.0 पासून 'टू क्वेरी स्ट्रिंग' आहे. पानावर हे एका ओळीत मावतं, आणि निम्मे प्रश्न विचारणाऱ्याच्या मशीनवरच सुटतात.

आता 'जोडता येतात' हे वाक्य. पानावरचं सगळ्यात फसवं वाक्य तेच. जोडता येतात हे खरं, पण जोडल्यावर काय होतं?

अटींमध्ये 'ऑर' आला की पहिली मेख बसते. समजा लेख दाखवायचे आहेत आणि 'दिसण्याजोगे' या स्कोपची अट आहे 'प्रसिद्ध झालेला, किंवा लेखक मीच'. त्याच्याआधी 'वर्ग पाच' ही अट लावली. कंस पडले नाहीत तर अर्थ होतो: 'वर्ग पाच आणि प्रसिद्ध, किंवा लेखक मी'. एसक्यूएलमध्ये 'अँड' आधी बांधला जातो, म्हणून दुसऱ्या वर्गातले माझे सगळे कच्चे लेखही या यादीत घुसतात. लाराव्हेलचं एलोक्वंट, म्हणजे त्याचा डेटाबेस हाताळणारा भाग, स्कोपच्या आत असा 'ऑर' दिसला तर त्या अटींना आपणहून कंस घालतं. पण तोच कोड स्कोप म्हणून न लिहिता क्वेरी बिल्डर घेणाऱ्या साध्या फंक्शनमध्ये लिहिला तर कंस पडत नाहीत. आणि दोन स्कोप एकमेकांशी 'ऑर'ने जोडायचे असतील तर क्लोजर (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) लागू शकतं, असं लाराव्हेलचं पानच सांगतं. ही माहिती तिथे आहे, पण कंस का लागतात ते कळायला चुकलेली आणि बरोबर अशा दोन्ही एसक्यूएल समोरासमोर लागतात. चुकीचं उदाहरण छापायला डॉक्युमेंटेशन लिहिणारे का बिचकतात मला कळत नाही. वर 'हे चुकतं' असं ठळक लिहा आणि बिनधास्त छापा.

दुसरी मेख जँगोत आहे आणि ती जास्त खोल आहे. अनेक ऑर्डर असलेले ग्राहक शोधायचे आहेत. एकाच 'फिल्टर'मध्ये 'ऑर्डरचे पैसे भरलेले' आणि 'ऑर्डरचं वर्ष 2024' या दोन्ही अटी दिल्या तर दोन्ही एकाच ऑर्डरला लागतात: 2024 मध्ये केलेली आणि पैसे भरलेली ऑर्डर असणारे ग्राहक. त्याच अटी दोन वेगळ्या 'फिल्टर'मध्ये एकामागे एक दिल्या तर ऑर्डरच्या टेबलला दोनदा जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं) लागतो आणि अर्थ होतो: ज्याची कुठली तरी ऑर्डर पैसे भरलेली आहे आणि कुठली तरी ऑर्डर 2024 मधली आहे. 2022 मध्ये पैसे भरले आणि 2024 ची ऑर्डर उधार ठेवली, असा ग्राहकही निकालात येतो. वर जॉइनमुळे तोच ग्राहक दोन-तीनदा दिसू शकतो, मग दुहेरी ओळी काढणारं 'डिस्टिंक्ट' लावावं लागतं.

जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे व्यवस्थित दिलंय, पण ते क्वेरी लिहिण्याच्या पानावर, अनेक-मूल्यांच्या नात्यांच्या भागात. मॅनेजर आणि क्वेरीसेटच्या पानावर कस्टम मेथड शिकणारा वाचक तिथे पोचतच नाही. आणि गंमत बघा, पुन्हा वापरण्याजोग्या मेथड लिहिणाऱ्याची या खड्ड्यातून सुटका नसते. 'पैसे भरलेल्या ऑर्डरवाले' ही एक मेथड, 'अमुक वर्षीच्या ऑर्डरवाले' ही दुसरी. दोन्ही आत आपापला 'फिल्टर' लावतात, म्हणजे जोडल्या की नेहमी दोन जॉइनच. चांगल्या कोडची शिस्त पाळणाराच इथे फसतो. तेव्हा ही सूचना त्या दुसऱ्या पानावर हवी. 'अधिक माहितीसाठी पहा' अशी लिंक नको, पूर्ण उदाहरण हवं. तीच गोष्ट दोन ठिकाणी लिहावी लागली तर लागू द्या.

त्याला लागूनच आणखी एक पोकळी आहे. उत्पादनांवर 'प्रसिद्ध' अशी मेथड लिहिली. आता वर्गांची यादी हवी आहे, ज्यांत निदान एक प्रसिद्ध उत्पादन आहे. ती मेथड इथून कशी वापरायची? रेल्समध्ये जॉइन करून 'मर्ज'मध्ये उत्पादनाचा स्कोप देता येतो. लाराव्हेलमध्ये 'वेअर हॅज'च्या क्लोजरमध्ये स्कोप बोलावता येतो. जँगोमध्ये नात्यापलीकडची क्वेरीसेट मेथड थेट बोलावता येत नाही. एक तर प्रसिद्ध उत्पादनांचा क्वेरीसेट 'इन'मध्ये सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) म्हणून द्यायचा, नाहीतर अट एका क्यू ऑब्जेक्ट (अट धरून ठेवणारा जँगोचा ऑब्जेक्ट) परत करणाऱ्या फंक्शनमध्ये काढायची आणि नात्याचं नाव त्याला बाहेरून द्यायचं. मला सबक्वेरीची वाट आवडते, कारण अट एकाच जागी राहते आणि ओळी दुप्पट होत नाहीत. काही ठिकाणी ती हळू पडते, तेव्हा डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारं एक्सप्लेन चालवून बघावं. पण 'पुन्हा वापरण्याजोगा फिल्टर' असं शीर्षक असलेल्या पानावर 'दुसऱ्या टेबलवरून कसा वापरायचा' हा भागच नसेल, तर त्या शीर्षकाला अर्थ काय?

तिसरी मेख फिल्टरच्या वेषात येणाऱ्या बाकीच्या गोष्टींची. 'ताजे' नावाच्या स्कोपमध्ये कुणी क्रम लावतं आणि वर 'लिमिट दहा'. जँगोमध्ये स्लाइस (ठरावीक ओळींचा तुकडा) घेतल्यावर पुन्हा 'फिल्टर' लावला की एरर येते, ते बरंच. रेल्स आणि लाराव्हेलमध्ये एरर नाही, नंतरची अट शांतपणे लिमिटच्या आधी लागते. वाचकाला वाटतं ताज्या दहांमधून गाळले, प्रत्यक्षात गाळलेल्यांमधले ताजे दहा मिळाले. रेल्समध्ये दुसरा 'ऑर्डर' पहिल्याला पुसत नाही, त्याच्यामागे जोडला जातो. पुसायचा तर 'रीऑर्डर'. लाराव्हेलच्या ग्लोबल स्कोपमध्ये (प्रत्येक क्वेरीला आपोआप लागणाऱ्या स्कोपमध्ये) कॉलम वाढवायचे तर 'सिलेक्ट' नाही, 'ॲड सिलेक्ट', नाहीतर आधीची निवड उडते. माझा सल्ला सोपा: फिल्टर, क्रम आणि मर्यादा या तिघांची मेथड वेगळी ठेवा असं पानावर स्पष्ट लिहा, आणि उदाहरणांत स्वतः तो नियम पाळा. लोक नियम वाचत नाहीत, उदाहरण उचलतात.

रेल्समधल्या एका गोष्टीवर मात्र मी स्वतंत्र उपशीर्षक मागेन. स्कोपच्या लॅम्डाने नल परत केलं तर रेल्स त्याऐवजी सगळ्या ओळी देतं, म्हणजे साखळी तुटत नाही. शोधाच्या फॉर्मसाठी हे फार सोयीचं: किंमत भरली असेल तर अट लागते, नसेल तर नाही. आता हीच सवय 'या वापरकर्त्याचे' अशा स्कोपमध्ये घेऊन जा: 'युजर असेल तर युजरची अट लाव'. लॉगिन तुटलं, युजर नल आला, आणि त्या पानावर सगळ्यांच्या नोंदी उघड्या पडल्या. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. तेच क्लास मेथडमध्ये लिहिलं असतं तर नल परत आलं असतं, पुढची मेथड कोसळली असती आणि चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. रेल्सच्या मार्गदर्शिकेत हा फरक दिला आहे, पण त्याचा सूर 'क्लास मेथडने एरर येऊ शकते, जपा' असा आहे. मला तो सूर उलटा वाटतो. इथे एरर हाच आपला मित्र. पानावर दोन नमुने द्या: ऐच्छिक शोध असेल तर अट गाळा, मालकी किंवा परवानगी असेल तर 'नन', म्हणजे रिकामा निकाल, परत करा. 'नन' रेल्समध्ये 4.0 पासून आहे, जँगोतही आहे, आणि तो साखळीतही नीट चालतो.

अट कधी मोजली जाते, यावर फार लिहायची गरज नाही, पण न लिहून चालत नाही. 'गेल्या सात दिवसांतले' असा स्कोप जर ॲप सुरू होताना एकदाच मोजला गेला तर तारीख तिथेच गोठते. डेव्हलपमेंटमध्ये कोड सतत नव्याने लोड होतो म्हणून दिसत नाही, सर्व्हरवर दोन दिवसांनी आकडे बिघडायला लागतात. रेल्सने 4.0 मध्ये, 2013 साली, स्कोपला लॅम्डा सक्तीचा केला तेव्हा तिथला हा घोळ बहुतांशी संपला. जँगोत मात्र क्लास-बेस्ड व्ह्यूच्या (पान दाखवणाऱ्या क्लासच्या) 'क्वेरीसेट' या ॲट्रिब्यूटमध्ये आत्ताची वेळ वापरली की तो जसाच्या तसा जिवंत आहे. क्वेरीसेट आळशी असतो, म्हणजे गरज पडेपर्यंत चालत नाही, हे खरं, पण 'नाऊ' आळशी नसतो. उपाय म्हणजे 'गेट क्वेरीसेट' मेथड. दोन ओळी आणि एक उदाहरण पुरे.

आता मुख्य गोष्ट: आपोआप लागणारे फिल्टर. रेल्सचा डिफॉल्ट स्कोप, लाराव्हेलचा ग्लोबल स्कोप, ईएफ कोअरचे ग्लोबल क्वेरी फिल्टर, जावाच्या हायबरनेटचा फिल्टर, जँगोचा गाळणारा डिफॉल्ट मॅनेजर. यांची पानं एकाच पद्धतीने सुरू होतात: 'आता प्रत्येक क्वेरीला ही अट आपोआप लागेल.' त्या 'प्रत्येक' शब्दावर विसंबून लोक सॉफ्ट डिलीटपासून (ओळ न पुसता 'डिलीट झाली' अशी नुसती खूण करण्यापासून) ग्राहकांचा डेटा वेगळा ठेवण्यापर्यंत सगळं उभं करतात. आणि 'प्रत्येक' कधीच प्रत्येक नसतं.

एकच उदाहरण जवळून बघू: सॉफ्ट डिलीट केलेल्या वापरकर्त्याचा ईमेल पत्ता. त्याच पत्त्याने कुणी नव्याने नोंदणी करायला आलं. लाराव्हेलचा 'युनिक' हा व्हॅलिडेशन नियम डीफॉल्टने डिलीट केलेल्या ओळीही बघतो, म्हणून 'हा पत्ता आधीच वापरात आहे' असं उत्तर मिळतं. हे नको असेल तर नियमाला 'विदाउट ट्रॅश्ड' जोडावं लागतं. ते जोडलं आणि डेटाबेसमध्ये साधा युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा) असेल, तर व्हॅलिडेशन पास होतं आणि इन्सर्ट आपटतो, कारण इंडेक्सला तुमच्या स्कोपची खबरच नाही. जँगोत गाळणारा मॅनेजर डिफॉल्ट असेल तर मॉडेलची युनिक तपासणी त्याच मॅनेजरमधून जाते. तिला जुनी ओळ दिसत नाही आणि एरर थेट डेटाबेसकडून येते. यावर उपाय म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसचा पार्शल (ठरावीक ओळींनाच लागणारा) युनिक इंडेक्स, ज्याची अट आणि स्कोपची अट एकच असते. स्कोपच्या पानावर इंडेक्सचं काय काम, असं कुणी म्हणेल. काम आहे. अट एकाच जागी राहावी म्हणून स्कोप केला, आणि तीच अट डेटाबेसमध्ये दुसऱ्या जागी लागते, हे वाचकाला कोणीतरी सांगायलाच हवं.

म्हणून प्रत्येक आपोआप लागणाऱ्या फिल्टरच्या पानावर, अगदी वर, एक तक्ता हवा: कुठल्या वाटेने गेलं की लागतो, कुठल्या वाटेने नाही. आयडीने थेट शोध, नात्यातून आलेल्या नोंदी, मोजणी, एका फटक्यात अपडेट आणि डिलीट, कच्ची एसक्यूएल, नवी नोंद तयार करणं, ॲडमिन, एक्सपोर्ट. हायबरनेटचा फिल्टर मुळात सेशनवर चालू करावा लागतो, आणि प्रायमरी कीने थेट उचललेल्या नोंदीला तो डीफॉल्टने लागत नाही. रेल्सचा डिफॉल्ट स्कोप उलट नको तिथे पोचतो: अट हॅशच्या रूपात असेल तर नव्या नोंदीतही ती किंमत भरली जाते. जँगोत मॉडेलवर पहिला लिहिलेला मॅनेजर डिफॉल्ट ठरतो आणि 'डम्पडेटा' ही एक्सपोर्टची कमांड त्याच्यातूनच नोंदी काढतो. गाळणारा मॅनेजर पहिला असेल तर एक्सपोर्टमध्ये लपलेल्या नोंदी नसतात, आणि ते परत भरताना कळतं. त्यासाठी 'ऑल' हा पर्याय आहे, पण आधी माहीत असेल तर.

ईएफ कोअरमधला प्रकार सगळ्यात चकवणारा. इनव्हॉइसला ग्राहक सक्तीचा आहे आणि ग्राहकावर सॉफ्ट डिलीटचा फिल्टर आहे. नुसती इनव्हॉइसची यादी काढली तर सगळ्या येतात. त्याच यादीत ग्राहकाचं नाव हवं म्हणून 'इनक्लूड' जोडलं की इनर जॉइन (दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणारा) होतो आणि डिलीट झालेल्या ग्राहकांच्या इनव्हॉइस यादीतून गायब. एक कॉलम वाढवला आणि ओळी कमी झाल्या! मायक्रोसॉफ्टच्या पानावर हे उदाहरणासकट दिलेलं आहे, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. नातं ऐच्छिक करा किंवा दोन्ही बाजूंना जुळणारा फिल्टर लावा, असे दोन मार्गही दिले आहेत. अशीच पानं मला हवी आहेत.

फिल्टर बंद कसा करायचा हेही तितकंच नेमकं लिहा. रेल्सचा 'अनस्कोप्ड' एकटा डिफॉल्ट स्कोप काढत नाही, नात्यातून आलेली अटही काढून टाकतो. म्हणजे 'या ग्राहकाच्या डिलीट केलेल्या ऑर्डर' मागायला गेलात तर सगळ्यांच्या ऑर्डर हातात येतात. फक्त एक अट काढायची तर 'अनस्कोप' आणि 'वेअर'चा कॉलम. ईएफ कोअरमध्ये 'इग्नोर क्वेरी फिल्टर्स' सगळे फिल्टर एकदम उडवत असे, सॉफ्ट डिलीटबरोबर टेनंटचाही (एकाच ॲपमधल्या वेगवेगळ्या ग्राहकांचा डेटा वेगळा ठेवणारा). आवृत्ती 10 पासून फिल्टरना नावं देता येतात आणि हवा तो एकच बंद करता येतो.

आणि टेनंटचा विषय निघालाच आहे तर पानावर स्पष्ट लिहा की ही सोय आहे, कुलूप नाही. कच्ची एसक्यूएल या फिल्टरला विचारत नाही. खरी भिंत हवी असेल तर ती डेटाबेसमध्ये; पोस्टग्रेसमध्ये 9.5 पासून रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते डेटाबेसनेच ठरवणं) आहे. तिथेही टेबलचा मालक असलेल्या युजरला ती डीफॉल्टने लागत नाही, 'फोर्स' करावी लागते, आणि बरीच ॲप्स मालक युजरनेच डेटाबेसला जोडलेली असतात.

आवृत्त्यांबद्दल थोडं. रेल्स 6.1 मध्ये 'वेअर डॉट नॉट'ला दोन अटी दिल्यावरचा अर्थ बदलला: आधी 'हेही नाही आणि तेही नाही', नंतर 'दोन्ही एकदम नाही'. कोड तसाच, निकाल वेगळा. असे बदल मूळ उदाहरणाशेजारी आवृत्तीच्या क्रमांकासकट हवेत, नुसत्या बदलांच्या यादीत नकोत. जुनी नावंही पानावर एकदा येऊ द्या, कारण लोक जुन्या कोडमधलं नाव घेऊन शोधतात. रेल्स 2.1 मध्ये आलेला 'नेम्ड स्कोप' 3.0 मध्ये नुसता 'स्कोप' झाला. लाराव्हेलमध्ये मेथडच्या नावाआधी 'स्कोप' लावायची पद्धत होती, आवृत्ती 12 पासून त्यासाठी ॲट्रिब्यूटही आहे. दोन्ही प्रकारचा कोड अजून बरीच वर्षं दिसणार.

प्रत्यक्ष काम करताना एका बदलात एकच गैरसमज घ्या. अख्खं पान नव्याने लिहून पाठवलंत तर तपासणाराही दमतो आणि वाद शैलीवर घसरतो. 'नल परत केलं तर काय' एवढ्यावर दहा ओळी, खाली एसक्यूएल, असा बदल पटकन आत जातो. उदाहरणं टेस्टमधून चालवता येतात का बघा; निदान छापलेली एसक्यूएल तरी आपोआप तपासली जाऊ दे, नाहीतर पुढच्या आवृत्तीत ती खोटी ठरेल आणि चुकीची एसक्यूएल ही काहीच न छापण्यापेक्षा वाईट. सुरुवात तक्त्यापासून करा. तो भरताना काही चौकोनांचं उत्तर मेंटेनरनाही लगेच देता येत नाही, टेस्ट लिहून बघावी लागते, आणि एखाद्या चौकोनात डॉक्युमेंटेशनची नाही तर फ्रेमवर्कचीच चूक निघते. तिच्यासाठी वेगळा इश्यू उघडा आणि त्याचा दुवा तोवर त्या चौकोनात राहू द्या.